गुलाबी शंखातला धाकटा

सायकलच्या दुकानात फुटक्या ट्यूबा साठतात ना, तसे किस्से साठतात. टाकवत नाहीत, कुणाच्या कामाच्याही नाहीत. आणि एक ओढायला गेलं की बाकीच्या गुंतून बाहेर येतात.

हे सगळे किस्से सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या रेवणअण्णाच्या सायकल दुकानातले. दुकानापुढं एक बाकडं होतं. संध्याकाळी त्यावर तिघं ठरलेले: हातमागावर साड्या विणणारा लक्ष्मय्या, टांगेवाला बाबूमियाँ आणि मी. मी मिलमध्ये तेल घालायला होतो, मशिनला आणि माणसांनाही. शाळेनं मला चौथीत सोडलं, त्यामुळं कुणाची चेष्टा करू नये हा धडा माझ्यापर्यंत पोचलाच नाही.

अण्णा पंक्चर काढताना बोलायचा नाही. दुकानाच्या मागंच त्याचं घर. तिथून त्याची बायको गौराक्का दोघांच्या वाटणीचं बोलायची. त्यांना एकच पोरगा, मल्लू. दुकानात बसायचं नाही म्हणून बापाशी भांडला, ट्रकवर क्लीनर झाला, ट्रकवरून रत्नागिरीला गेला आणि तिथं मासे धरायच्या लाँचवर चढला. लिंगायताचं पोरगं मासे धरतंय, हे अण्णा पेठेत कुणाला सांगू शकत नव्हता.

म्हणून मी सांगितलं.

* * *

दुष्काळाच्या साली, संक्रांतीतल्या गड्ड्याच्या जत्रेला मल्लू अचानक आला. काखेत बिस्किटाचा पत्र्याचा डबा. डब्यात ओली वाळू आणि वाळूवर शंख. शंख चालायला लागले तसा लक्ष्मय्या बाकड्यावर पाय वर घेऊन बसला.

खेकडेच ते, पण स्वतःचं घर नसलेले. मेलेल्या गोगलगाईचा रिकामा शंख दिसला की त्यात मागनं घुसायचं आणि तेच घर पाठीवर घेऊन हिंडायचं. मी त्यांना नाव ठेवलं, भाडेकरू.

मल्लू आईला म्हणाला, "अव्वा, ही सांभाळ. ही जगली की मी जगलो असं समज."

चेष्टेत म्हणाला. चेष्टा कुठं करावी हे त्यानं मला विचारायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी बापाशी एक शब्द न बोलता तो गेला. अण्णानं मान वर केली नाही. मग डब्याकडं बघून म्हणाला, "ह्याला भोकं पाडायला पाहिजेत. गुदमरतील."

* * *

समोरच्या चंद्रव्वाला बातमी पोचायला वेळ लागला नाही. ती दारात येऊन उभी.

"अण्णा, खेकडं आणलाव म्हणं?"

"पाळायला."

"व्हय की. कोंबड्या बी पाळतातच, कापायच्या आधी."

मी तिला बाजूला घेऊन सांगितलं, अण्णा मंडईत जास्त कांदे घेताना दिसला तर मला कळवा. तिनं इमानेइतबारे महिनाभर पाळत ठेवली.

पण पाण्याची गोष्ट चेष्टेची नव्हती. नळाला करंगळीएवढी धार, तीही दिवसाआड. घागरींची रांग गल्लीच्या टोकापर्यंत. अण्णा खेकड्यांची वाळू ओली करताना दिसला की चंद्रव्वा रांगेतून ओरडायची, "हितं लेकरं तहानल्यात, आणि हे किड्यांना आंघोळ घालतंय!"

 अण्णानं दाढी बंद केली. दाढीचं पाणी वाळूला. पेठेतल्या लोकांना वाटलं, घरात कुणीतरी गेलं.

* * *

मल्लू सांगून गेला होता, एका वाटीत गोडं पाणी ठेवा, एका वाटीत समुद्राचं. आता सोलापुरात समुद्र कुठनं आणायचा?

आमच्यात समुद्र बघितलेला एकटा बाबूमियाँ. मुंबईला लग्नाला गेला असताना एक लाट त्याच्या तोंडात गेली होती. तेवढ्यावर आम्ही त्याला तज्ज्ञ केला. अण्णानं पाण्यात मीठ टाकायचं, ढवळायचं, बाबूमियाँनं चमचाभर घ्यायचं.

"और डालो."

अण्णानं टाकलं.

"अब दाल जैसा हुआ. समंदर इससे बुरा था."

लक्ष्मय्यानं पण चव घेतली आणि चिंच कमी आहे म्हणाला.

शेवटी एका चमच्याला बाबूमियाँ थुंकला, डोळ्यांत पाणी आलं, आणि छातीवर हात ठेवून म्हणाला, "हौ. येइच है."

आम्ही हसून लोळत होतो. अक्का आतून आली. तिनं वाटीत बोट बुडवून जिभेला लावलं.

"एवढं खारट?" ती म्हणाली. "ह्यात ऱ्हातंय व्हय माझं पोरगं?"

त्या दिवशी बाकडं लवकर रिकामं झालं.

* * *

खायला त्यांना भाकरीचा तुकडा, खोबरं. एकदा अण्णाची पाठ वळल्यावर मी शेंगाचटणी घातली, चांगली झणझणीत. सगळ्या भाडेकरूंनी मोठी नांगी आडवी करून दारं लावून घेतली. दिवसभर कुणी बाहेर नाही. अण्णा कावराबावरा झाला, मी शहाण्यासारखा "हवा बदलली असेल" म्हणत बसलो.

दुसऱ्या दिवशी बघतो तर सगळी दारं उघडी आणि चटणीचा कणसुद्धा शिल्लक नाही.

"झाले सोलापूरचे," मी म्हणालो.

"मल्लूला बी असंच लागतंय," अण्णा म्हणाला. पोरगा गेल्यापासून त्याचं नाव बापाच्या तोंडून पहिल्यांदा आलं. लगेच त्यानं एका सायकलची घंटी उगाच वाजवून बघितली.

* * *

त्यातला सगळ्यात लहान खेकडा अक्काचा लाडका. त्याला ती धाकटा म्हणायची. धाकटा वाढला आणि त्याला शंख पुरेना. अर्धं अंग बाहेर, चड्डी आखूड झालेल्या पोरासारखा फिरायचा.

अण्णानं सायकलच्या घंटीची वाटी दिली. त्यानं आत डोकावलं आणि निघून गेला. लक्ष्मय्यानं सुताची रिकामी कांडी आणली. तिच्यात तो शिरला, अडकला, आणि तेल लावून काढावा लागला. माझं खातं तेच, मीच काढला. देवघरातला शंख द्यायला अक्का तयार होती, पण त्या शंखात धाकट्याचं अख्खं खानदान राहिलं असतं.

मग बाबूमियाँ एक गुलाबी रंग दिलेला शंख घेऊन आला. त्याच्या घरी मुंबईहून आणलेला शंखांचा ताजमहाल होता, बायकोचा जीव की प्राण. त्याचा एक मिनार त्यानं उपटला होता.

धाकट्यानं गुलाबी शंख चहूबाजूंनी तपासला, झटक्यात जुन्यातून निघाला आणि नव्यात बसला. मधल्या क्षणाला त्याचं उघडं, मऊ, वाकडं अंग दिसलं तेव्हा अक्कानं डोळ्यांवर पदर घेतला.

बाबूमियाँची बायको पुढं कित्येक दिवस त्याच्याशी बोलली नाही. तो म्हणायचा, "अण्णा, तुम्हारे खेकडे का मेरे घर पे बड़ा एहसान है."

* * *

एका सकाळी गुलाबी शंखाच्या बाजूला धाकटा पडलेला. पाय, नांग्या, सगळं. कोरडा, हलका.

अण्णानं दुकान बंद केलं. आमच्यासारखं जाळत नाहीत, त्यांच्या लिंगायतांत पुरतात, तेही बसवून. मी म्हणालो, "अण्णा, आडवा नको घालू." मी चेष्टेनं म्हणालो. त्यानं खरंच मागच्या अंगणात खड्डा काढला, धाकट्याला बसवला, विभूती लावली, बेलाचं पान ठेवलं. आम्ही तिघं टोप्या काढून उभे.

दुसऱ्या दिवशी गुलाबी शंख चालत होता. आत धाकटा, नवाकोरा, चकचकीत.

कात टाकली होती त्यानं, सापासारखी. आम्ही त्याच्या जुन्या कपड्यांची अंत्ययात्रा काढली होती.

पेठभर हसणं झालं. अक्का मात्र हसली नाही. "बघितलाव का?" ती म्हणाली. "पुरलं तरी येतंय ते. आणि पत्र न्हाई म्हणून तुमी माझ्या मल्लूसाठी तोंड पाडून बसताव."

ह्यानंतर तिला काही समजावायची सोय उरली नाही.

* * *

मग उन्हाळा लागला. दुकानाचा पत्रा असा तापायचा की सोल्यूशन ट्यूबला लावायच्या आधी बोटावरच वाळायचं. अण्णानं भाडेकरू घमेल्यात हलवले, वर ओलं गोणपाट टाकलं, रांगेत उभं राहून चंद्रव्वाच्या शिव्या खाल्ल्या. तरी एकेक जाऊ लागला.

वाईट म्हणजे, मेलेला लगेच पुरायलाही अण्णा धजेना. "कात टाकत असंल," म्हणायचा, आणि घरात वास भरेपर्यंत थांबायचा. मासळीचा वास, लिंगायताच्या घरात. अक्का उदबत्ती लावून म्हणायची, थांबा आणखी थोडं.

पावसाळ्याच्या तोंडाला एक ट्रकवाला आपल्या सायकलचं पंक्चर काढायला आला आणि जाताजाता सांगून गेला, रत्नागिरीकडं वादळात एक लाँच बुडाली. कुठली, ते त्याला माहीत नव्हतं. अण्णानं त्याच्या ट्यूबला एकावर एक दोन ठिगळं लावली.

तोवर घमेल्यात एकटा धाकटा उरला होता.

थोड्या दिवसांनी दुपारी अक्का झोपलेली असताना अण्णा फडक्यात काहीतरी गुंडाळून बाकड्यापाशी आला. वासावरून कळलं. बाबूमियाँनं सायकलच्या स्पोकनं शंख साफ केला, मिठाच्या पाण्यानं धुतला. अण्णानं रिकामा गुलाबी शंख नेऊन घमेल्यात ठेवला.

"तिला एवढ्यात कळायला नको," तो म्हणाला. बस, एवढंच.

* * *

अक्काच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. घमेलं दिसायचं आणि त्यात एक गुलाबी ठिपका. "आज कुटं हाय धाकटा?" ती विचारायची.

अण्णा तो ठिपका रोज जरासा सरकवायचा. हे मला माहीत नव्हतं, म्हणून पाळीवरून आलो की मी पण सरकवायचो. लक्ष्मय्या पाणी प्यायच्या निमित्तानं आत जायचा, तो सरकवायचा. बाबूमियाँ चहाचा कप ठेवायला जायचा, तोही. कुणी कुणाला बोललं नाही.

एक दिवस अक्का ताटावरून उठली. "जेवण जात न्हाई," म्हणाली. "सकाळी हितं, दुपारी तितं, चहाच्या वक्ताला पार वाटीत. ह्या जिवाला बसायला जागा न्हाई. माझं पोरगं कुटंतरी वणवण करतंय."

संध्याकाळी बाकड्यावर मी म्हणालो, "कुणाच्या हाताला खाज सुटलीय?"

चौघांनी चार दिशांना बघितलं.

मग आम्ही पाळ्या लावल्या, मिलमध्ये लावतात तशा. दिवसातून एकदाच, एकानंच, वीतभर. जास्त सरकवला तर त्यानं चहा पाजायचा. अक्का पुन्हा जेवायला लागली. म्हणाली, "आता जरा निवांत दिसतंय पोरगं."

* * *

थंडीत अक्का गेली. जायच्या आदल्या दिवशी तिनं धाकट्याला हातात मागितलं.

अण्णानं आमच्याकडं बघितलं. आम्ही घमेल्याकडं. काय करणार, त्यानं शंख तिच्या तळव्यावर ठेवला. तिनं दुसरा हात वरून झाकला आणि बराच वेळ तशीच धरून राहिली. 

"झोपलाय," अक्का म्हणाली. "उठवू नका."

ती गेल्यावर पाळ्या बंद झाल्या. कुणासाठी सरकवायचा? पण मी आत पाणी प्यायला गेलो की शंख कालच्या जागेवर नसायचा. 

* * *

आणि मग एका दुपारी मल्लू आला.

काळा पडलेला, एका पायानं लंगडत. बाकड्यापाशी थांबला.  अण्णा चाकाची तार आवळत होता, आवळतच राहिला.

"अव्वा?" मल्लूनं विचारलं.

"थंडीत गेली," अण्णा खाली बघूनच म्हणाला. "तू येतोस म्हणत होती."

मल्लू आत गेला. आम्ही तिघं उठून दारात. घमेलं तिथंच होतं, वाळू ओली होती, दोन वाट्या भरलेल्या. त्यानं गुलाबी शंख उचलला. उजेडाकडं धरला. आत बघितलं, बोट घातलं, पुन्हा बघितलं. अण्णा हातात पाना घेऊन आमच्या मागं येऊन उभा राहिला होता.

मल्लूनं शंख जिथून उचलला होता तिथं परत ठेवला नाही. वीतभर पुढं ठेवला.

"मोठा झालाय की, अप्पा," तो बापाला म्हणाला.