गुरुवारची चिठ्ठी

दर गुरुवारी संध्याकाळी आठ वाजून वीस मिनिटांनी माझ्या कंट्रोल रूममधला फोन वाजायचा आणि पलीकडून एकच शब्द यायचा, “रिपोर्ट!”

नमस्कार नाही, चमत्कार नाही. मी घाईघाईनं सांगायचो, “चॅनल साफ, आवाज साफ, लाइट आहे.”

“हव. टाइम म्हणजे टाइम,” असं म्हणून सुभेदारसाहेब फोन ठेवायचे. साडेआठला त्यांची सिरियल लागायची.

कंट्रोल रूम हा शब्द ऐकून बिचकू नका. चौबे कॉलनीतल्या एका किराणा दुकानावरची ती खोली होती. गच्चीवर सिग्नल पकडायच्या दोन डिश छत्र्या, आत तापलेली यंत्रं आणि त्यांच्यासमोर पंखा घेऊन बसलेला मी. आमचं घर पिढ्यान्‌पिढ्या जुन्या शहरातल्या बूढ़ापाऱ्यातलं. पण रायपूर राजधानी झालं आणि चौबे कॉलनीत रोज नवा ट्रक उतरायला लागला, तेव्हा मी केबलचा धंदा इकडे आणला. कोण कुठून आलं, कोणाच्या घरी किती माणसं, कोणाला काही पत्ता नसायचा. मला मात्र असायचा, कारण केबलवाल्याला थेट बैठकीच्या खोलीपर्यंत शिरकाव असतो.

सुभेदारसाहेब मूळचे वर्धेकडचे. फौजेतून निवृत्त होऊन ते इथे एका खाजगी कंपनीत सुरक्षा अधिकारी झाले. घरात ते आणि काकू, दोघंच. एकुलता एक मुलगा फौजेत, कुठेतरी उत्तरेला बर्फातल्या चौकीवर. मुलाच्या ठिकाणाला दोघंही ‘वर’ म्हणत. तो वर आहे, वर थंडी आहे, वरून चिठ्ठी आली.

ती सिरियल हिंदी होती. एक घरमालक आणि त्याचे चार भाडेकरू. घरमालकाला हौस अशी, की घरातलं मोडलेलं सगळं स्वतःच दुरुस्त करायचं. नळ दुरुस्त करायला जायचा आणि भिंत पाडून यायचा. एका गुरुवारी मी त्यांच्याकडे वायर बदलायला गेलो आणि अर्धा भाग तिथेच उभ्याउभ्या पाहिला. काकू विनोद व्हायच्या आधीच हसायला लागायच्या, तोंडाला पदर लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. साहेब मात्र वेताच्या खुर्चीत ताठ, दोन्ही तळवे गुडघ्यांवर, मिशी जागची हलत नव्हती.

मी विचारलं, “साहेब, तुम्हाला हसू नाही येत?”

“येते ना. काहून नाही येणार? पण दोघंही हसत बसलो, तर ध्यानात कोण ठेवीन?”

ध्यानात ठेवायचं ते चिठ्ठीसाठी. शुक्रवारी सकाळी काकू बोलायच्या आणि साहेब लिहायचे, मी कित्येकदा तिथे बसून ऐकायचो. काकूंना वाचता येई, लिहिण्याचा सराव नव्हता. “मग काय झालं माहीत आहे का बेटा,” अशी सुरुवात करून त्या अख्खी सिरियल सांगायच्या. मधे त्यांनाच हसू फुटलं, की साहेब पेन उचलून थांबायचे. शेवटी काकू बोट कुंकवात बुडवून कागदाच्या खालच्या कोपऱ्यात टेकवायच्या. तीच त्यांची सही.

दुसरं काही त्या चिठ्ठीत नसायचं. एकदा काकू न्हाणीघरात पडल्या, हात गळ्यात बांधून दीड महिना काढला. चिठ्ठीत त्याचं अक्षर नाही. पाण्याची मोटर जळली, सख्खे दीर वारले, तरी चिठ्ठीत घरमालक आणि त्याची हातोडी. साहेबांचा कायदाच होता तो.

“वरच्या माणसाले खालचं दुःख पाठवायचं नाही,” ते म्हणायचे. सुखाच्या बातम्या अशा कितीशा असतात हो आपल्याकडे, दर आठवड्याला कळवायला? म्हणून ती सिरियल.

त्या वर्षी दिवाळीत काकू नागपूरला भावाकडे गेल्या. हिच्या छातीत दुखतं, तिथल्या डॉक्टरला दाखवतो, असं म्हणून साहेबही गेले. तीन आठवड्यांनी ते एकटेच परतले. डोक्यावर कानटोपी आणि मिशी गायब.

मी जिन्यातूनच ओरडलो, “साहेब! मिशी कुठे हरवली?”

“नागपूरच्या न्हाव्यानं वाकडी कापली. म्हटलं, काढूनच टाक.”

“काकू ओळखतील का आता तुम्हाला?” मी हसत म्हटलं.

त्यांनी कानटोपी आणखी खाली ओढली. काकू कुठे म्हणून विचारलं, तर म्हणाले, “भावाकडे आहे. येईल.” मी मराठी माणूस, दहा घरच्या तेराव्याला जेवलेला. कानटोपीखाली काय आहे, मिशी का गेली, हे मला त्या क्षणी कळायला हवं होतं. नाही कळलं. उलट पुढचे पंधरा दिवस मी त्यांची थट्टा करत होतो. ते आठवलं की अजूनही मला माझ्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

गुरुवारचा फोन चालूच होता. “रिपोर्ट!” मला वाटलं, म्हाताऱ्याला सिरियल आवडायला लागली.

संक्रांत आली. बायकोनं तिळगुळाचा डबा हातात दिला आणि म्हणाली, “काकू आल्या असतील तर हळदीकुंकवाचं बोलावणं देऊन या.” शुक्रवारची सकाळ होती. साहेबांचं दार नुसतं लोटलेलं. मी सवयीनं आत गेलो.

साहेब टेबलाशी बसले होते. समोर लिहिलेली चिठ्ठी, बाजूला काकूंचा चांदीचा करंडा उघडा. त्यांनी उजव्या हाताचं बोट कुंकवात बुडवलं, नीट झटकलं आणि कागदाच्या खालच्या कोपऱ्यात टेकवलं.

माझ्या हातातून डबा सुटला. तिळाचे लाडू खोलीभर घरंगळत गेले. साहेबांनी वळून पाहिलं, मग वाकून एकेक लाडू वेचायला लागले. वेचतावेचताच त्यांनी सांगितलं, अगदी परेडवर हजेरी सांगावी तसं. काकू दिवाळीनंतरच्या गुरुवारी गेल्या. हृदय बंद पडलं. सगळं तिकडेच उरकलं. अग्नी त्यांनी स्वतः दिला.

“आणि मुलगा?” मी विचारलं.

“त्याले माहीत नाही.”

“साहेब, अडीच महिने झाले!”

“माही माय मेली तेव्हा मी वर होतो,” ते म्हणाले. “तार आली. रस्ता बंद. चाळीस दिवस उतरता नाही आलं. तार खिशात घेऊन मी पहारा देत होतो. देत होतो म्हणजे काय, नुसता उभा होतो, दिसत काहीच नव्हतं. एका रात्री माह्याच चुकीनं माह्या जोडीदाराचा जीव जाता जाता राहिला. आता हा पोट्टा वर आहे, बर्फ पडून राहिला. चैत्रात सुट्टीवर येईल. समोर बसवून सांगतो.”

मी चिडलो. माझ्या बापाच्या वयाच्या माणसावर मी ओरडलो, की हे पाप आहे, आई त्याची होती. फोन आला तर काय सांगता? तर म्हणाले, फोन दोनदाच आला. एकदा आई मंदिरात गेली म्हटलं, एकदा लाइन कटली. शेवटी ते म्हणाले, “शिव्या दे. पण तोंड बंद ठेव.” मी ठेवलं.

इतकंच नाही, मी त्यात सामील झालो. आता गुरुवारी फोन दोनदा यायचा. दुसरा नऊ वाजता, सिरियल संपल्यावर. “तो शिडीवरून पडला, ते हसण्यासारखं होतं का?”

“होतं साहेब. कारण शिडी त्यानं आदल्या दिवशीच दुरुस्त केली होती.”

“असं होय. मग तिनं ते कसं सांगितलं असतं?”

आणि मी, काकूंना दोन वर्षं ऐकलेला माणूस, यंत्रांच्या घरघरीत ओरडून सांगायचो, “मग काय झालं माहीत आहे का बेटा...”

चैत्र आला. मुलगा शनिवारी पोहोचणार होता. शुक्रवारी दुपारी माझ्या जिन्यावर बूट वाजले आणि दारात तो उभा. उन्हानं काळवंडलेला, ओठ फुटलेले, हसरा. डोळे अगदी काकूंचे.

“भैया, घराला ताला आहे. आई-बाबा कुठे गेले? एक दिवस आधीच रिझर्वेशन मिळालं, म्हटलं सरप्राइज देऊ.”

मी खुर्ची पुढे केली. पाणी दिलं. दुसरा पेला दिला. तो बोलतच होता. “भैया, वो शिडीवाला एपिसोड! आईनं असं लिहिलं होतं ना, पूरा सेक्शन लोटपोट. मी जोरात वाचायचो, हिंदीत करून सांगायचो. आमचे उस्ताद तर रोज विचारायचे, माताजी की चिट्ठी आई क्या?”

शिडीवाला. मी नुसती मान हलवत होतो आणि तो माझ्याकडे पाहून हसत होता.

तेवढ्यात साहेब आले. खाली दुकानाशी त्यांनी मुलाची काळी ट्रंक पाहिली होती. त्यांच्या काखेत वर्तमानपत्रात बांधलेली चौकट होती. बूढ़ापाऱ्यात काकूंचा फोटो मढवायला टाकला होता, तो आणायला गेले होते. उद्या मुलगा यायच्या आत भिंतीवर लावून ठेवायचा होता. मुलगा पाया पडायला वाकला, तसे साहेब एक पाऊल मागे सरले, टाचा जुळवून ताठ उभे राहिले.

“तुझी आई गेली,” ते म्हणाले. “नागपूरले. दिवाळीनंतर.”

मुलगा वाकलेला तसाच राहिला. मग हळूहळू सरळ झाला. “दिवाळीनंतर?” त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. “फिर वो चिट्ठियाँ?”

“मी लिहिल्या.”

“आणि कुंकू?”

“मीच लावलं.”

त्या खोलीत यंत्रं घरघरत होती आणि आम्ही तिघं उभे होतो. मुलगा रडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

“मी हसत होतो, बाबा,” तो म्हणाला. “आई गेलेली होती आणि मी सगळ्यांना वाचून दाखवत हसत होतो.” त्यानं बापाच्या काखेतून ती चौकट काढून घेतली आणि जिना उतरून गेला.

साहेब सावधानमध्येच होते. मी त्यांचा दंड धरून त्यांना खुर्चीत बसवलं.

मुलानं दुसऱ्या दिवशी डोकं, मिशी सगळं उतरवलं. चैत्राच्या उन्हात उघड्या डोक्यानं तो कॉलनीतून जायचा आणि लोक माझ्याकडे चौकशी करायचे. बापाशी तो एक शब्द बोलला नाही. नागपूरला मामाकडे जाऊन आला आणि सुट्टी अर्धी टाकून परत वर गेला. त्यानंतर कितीतरी गुरुवार आठ वीसला मी फोनकडे पाहत बसायचो. फोन वाजला नाही. माणूस बरोबर होता की चूक, ते मला तेव्हा ठरवता आलं नाही आणि आजही येत नाही. तुम्हाला येत असेल तर तुम्ही ठरवा.

आषाढात एका सकाळी साहेब जिना चढून आले. दोनदा थांबून, कठडा धरून. खिशातून एक कागद काढून माझ्यापुढे धरला. मुलाची चिठ्ठी. दोन ओळी होत्या. “बाबा, गुरुवारचं लिहा. पण आता तुमच्या नावानं लिहा.”

त्या गुरुवारी आठ वाजून वीस मिनिटांनी फोन वाजला.

“रिपोर्ट!”

“सगळं साफ आहे साहेब,” मी म्हटलं.

आता साहेब इथे नाहीत. मुलाला कुटुंबाचं क्वार्टर मिळालं तसा तो बापाला घेऊन गेला. घरात दुसरे लोक आले. ती सिरियल बंद पडली, माझा केबलचा धंदाही गेला. पण त्या फोनच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, त्यांनी मला जी चिठ्ठी पाकीट बंद करायच्या आधी वाचायला दिली, ती माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

खालच्या कोपऱ्यात कुंकू नव्हतं. ‘तुझा बाप’ असं लिहून खाली पूर्ण नाव आणि हुद्दा होता. सिरियलची हकिगत पाठीमागच्या पानावर होती, क्रमांक घालून, विनोद कुठे आहे ते कंसात सांगून. पुढच्या पानावर आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी खालचं दुःख वर पाठवलं होतं.

“तू विचारलं नाहीस, तरी लिहितो. आई गेली, त्या संध्याकाळी दवाखान्यात टीव्ही होता. तुझ्या आईनं विचारलं, आज गुरुवार का? मी हो म्हटलं. ती म्हणाली, मला दिसत नाही नीट, तुम्ही पाहा आणि ध्यानात ठेवा, पोराला लिहायचं आहे. साडेआठला सिरियल लागली. मी टीव्हीकडे पाहिलं नाही, तिच्याकडे पाहत होतो. त्या गुरुवारचं तुला लिहिलं होतं, ते सगळं मी मनानं रचलं होतं. त्या दिवशी सिरियलमध्ये काय झालं, ते मला माहीत नाही.”