कडब्याचा खार

लोणच्याची बरणी आमच्या घरात मीच कपाटात ठेवतो, सगळ्यात मागं. बायको म्हणते, "दरवर्षी येती, दरवर्षी तशीच राहती. का म्हणून?" मी पेपर तोंडापुढं धरतो.

बरणी तेलगावहून येते. मी जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला होतो तेव्हा तिथल्या एका आक्कांकडं कडब्यावर युरियाची प्रक्रिया दाखवायला गेलो होतो. उन्हाळा होता, हिरवा चारा कधीच संपलेला. आक्कांचे मालक वारलेले, दावणीला एकच लाल गाय, सात महिन्यांची गाभण, फासळ्या मोजून घ्याव्यात अशी. "एवढी व्याली की मी सुटले," असं त्या येताजाता तिच्या पाठीवर हात फिरवत म्हणायच्या.

नुसत्या कडब्यात नत्र नसल्यातच जमा. मी भाषण ठोकलं. गाईच्या पहिल्या पोटात जंतू असतात, ते युरियातलं नत्र घेऊन त्याची प्रथिनं बनवतात, ती गाईच्या अंगी लागतात. फक्त ते थोडं थोडं मिळालं पाहिजे. आक्कांनी पदरानं तोंड पुसलं. "साहेब, मला कळंल असं सांगा की."

तिथं मी शेण खाल्लं. "अहो, लोणचं घालता ना? तसंच. युरियाचं पाणी शिंपडायचं, प्लास्टिकचा कागद घट्ट झाकायचा, तीन आठवडे मुरू द्यायचं. कडब्याचं लोणचंच समजा!"

त्या खळखळून हसल्या. "मुरवायचं मला शिकवू नका, साहेब. आख्ख्या गल्लीत माझंच लोणचं जातंय."

आम्ही थर रचले, पाणी शिंपडलं, कागद झाकला. कडबा कमी पडला आणि बादलीभर पाणी उरलं. मला पुढच्या गावी जायची घाई होती. 'उरलेलं टाकून द्या', हे तीन शब्द सांगायचे राहून गेले.

लोणच्याचा खार कोणी बाई टाकून देते का? आक्कांनी बादली झाकून ठेवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते पाणी पेंडीत कालवून गाईपुढं ठेवलं. दुबळ्या जिवाला तीन आठवडे कशाला थांबवायचं, म्हणून. उपाशी गाय ती, तिनं घमेलं चाटूनपुसून साफ केलं.

फोन आला तेव्हा मी चहा पीत होतो. व्हिनेगरच्या बाटल्या घेऊन गाडी पळवली. गाय आडवी पडलेली, पोट तट्ट फुगलेलं, तोंडाला फेस. एवढं नत्र एकदम पोटात पडलं की जंतूंना ते आवरत नाही, त्याचा अमोनिया होतो आणि रक्तात जातो. हे मला माहीत होतं. मला! अमोनिया मारायला नळीनं व्हिनेगर आणि गार पाणी पाजलं, पण उशीर झाला होता. ती गेल्यावरही पोटातलं वासरू थोडा वेळ हलत होतं, माझ्या तळहाताला कळत होतं. मग तेही थांबलं.

जमलेल्या बायांना आक्का रडत रडत सांगत होत्या, "साहेबांनी समदं नीट सांगितलं हुतं. म्या भवानीनंच खार घातला." बाया माझ्याकडं बघायला लागल्या. लोणचं हा शब्द माझा, एवढं तरी मी तेव्हा बोलायला हवं होतं. मी नळी धुवायला हौदाकडं गेलो.

आता नोकरी संपली. अजूनही दुपारी जरा डोळा लागला की तळहाताखाली काहीतरी हलतं आणि मी दचकून उठतो. बायको म्हणते, पित्त झालंय.

यंदाही बरणी आली आणि मागोमाग आक्कांचा फोन आला. "साहेब, त्या दिशी तुमी कसं पळत आलता, मी इसरले न्हाई. खार लई घातलाय यंदा. पुरंल न्हवं?"

'आक्का, चूक तुमची नव्हती.' एवढंच बोलायचं होतं. इतक्या वर्षांत किती वेळा पाठ केलंय.

"पुरंल, आक्का," मी म्हणालो.