जीपचे मालक

जुने सहकारी चहाला जमले की पहिला किस्सा कुणाला तरी आठवावा लागतो, पुढचे न बोलावता येतात. आमच्या संस्थेचे तर इतके साठलेत, की आम्ही काम कधी करत होतो असा प्रश्न पडावा!

संस्था म्हणजे नारायणगावात खताच्या दुकानावरच्या दोन खोल्या आणि एक जीप. जीपमध्ये ड्रायव्हर, औषधांची पेटी आणि शांताबाई सिस्टर. दर बुधवारी जीप जुन्नरच्या पश्चिमेला डोंगरातल्या वाड्यांवर जायची. तिथं दुसरं कुणी डॉक्टर-नर्स पोचत नव्हतं. मी संस्थेचा क्लार्क. नव्वदीच्या शेवटी परदेशातली मदत थांबली आणि ही जीपच बंद पडायची वेळ आली.

*

आमचे अध्यक्ष नाना, निवृत्त हेडमास्तर. त्यांनी पुण्याहून एक सल्लागार बोलावला. त्यानं प्रोजेक्टर लावला, लाइट गेली, मग बिचारा तोंडीच बोलला. "लोकांना मेंबर करा. मेंबरला वाटलं पाहिजे, मी या संस्थेचा मालक आहे!"

नानांना हे इतकं पटलं की त्यांनी ते वाक्य पावतीपुस्तकावरच छापून घेतलं.

टोमॅटोचे आडतदार दादाभाऊ पहिल्याच आठवड्यात मेंबर झाले. दुसऱ्या आठवड्यात त्यांचा निरोप आला, "बुधवारी पोरीचं लगीन हाय. आपली जीप वऱ्हाडाला पाठवा!"

*

एका द्राक्षबागायतदाराच्या ओट्यावर नाना तासभर बोलले. सेवा, समाज, पुढची पिढी, सगळं झालं. शेवटी विचारलं, "मग वार्षिक मेंबर होताय का आजीव?"

"आजीव म्हंजी कुनाचा जीव धरायचा, नाना? माझा का संस्थेचा?"

"संस्थेचा म्हणा."

"मग वार्षिकच लिवा. तिची तब्येत मला काय बरी दिसत न्हाई!"

*

मग मेंबरांना फोटोचं कार्ड द्यायचं ठरलं. लॅमिनेशन केलेलं, वर गोल शिक्का. वर्गणी देताना कुरकुरणारी माणसं कार्डासाठी मात्र नवा शर्ट घालून फोटो काढायला रांगेत उभी राहिली.

आमचे एक मेंबर ते कार्ड घेऊन एसटीत बसले आणि तिकिटाऐवजी तेच पुढं केलं. कंडक्टरनं उलटून पालटून पाहिलं.

"पावणं, कार्ड झकास हाय. आजारी पडलो की तुमच्याकडं येतो. आता तिकीट काढा!"

*

तरी मेंबरांचं समाधान होईना. नाव दिसायला पाहिजे! म्हणून जीपवर नावं रंगवायला घेतली. मोठी वर्गणी, मोठं अक्षर. दोन्ही बाजू भरल्या, मागचं दार भरलं, टपाची कडसुद्धा सुटली नाही. नानांनी अभिमानानं सिस्टरांना विचारलं, "वाडीतले लोक काय म्हणतात?"

"बाया हळहळत्यात," सिस्टर म्हणाल्या. "विचारत व्हत्या, एवढी समदी मानसं एकदम कशानं वारली?"

*

काही असो, मेंबर वाढले आणि जीप चालू राहिली. मग दादाभाऊंना खरोखरच मालक झाल्यासारखं वाटायला लागलं. वार्षिक सभेच्या आधी त्यांनी ठराव पाठवला. "मेंबर आमी. वाड्यांवर एक तरी मेंबर हाय का? मग जीप तिकडं कशाला? बुधवारी हितंच फिरवा, आमचं बीपी तपासा."

माझं डोकं भणाणलं. ज्या जीपसाठी एवढी दारं झिजवली, तीच आता वाड्यांवर जाणार नव्हती. पण संस्थेच्या घटनेत 'बहुमतानं निर्णय' असं लिहिलेलं होतं आणि टाइप मीच केलं होतं. नाना नुसते सुस्कारे टाकत होते. सिस्टरांनी मात्र माझ्याकडून कोरं पावतीपुस्तक तेवढं मागून घेतलं.

आमची सभा दहाची. दहाला कधी कुणी फिरकायचं नाही. गणसंख्येअभावी सभा तहकूब व्हायची आणि अर्ध्या तासानं तिथंच पुन्हा सुरू व्हायची. तेव्हा गणसंख्येची अट नसायची. मेंबर साडेदहालाच यायचे, कारण मिसळही साडेदहालाच यायची.

त्या रविवारी दहाला पाच कमी असताना जिन्यावर चपला वाजल्या. वाड्यांवरच्या पस्तीस-चाळीस बाया मुक्कामाच्या एसटीतून उतरून थेट वर आल्या. प्रत्येकीच्या मुठीत वार्षिक मेंबराची पावती. रानातला हिरडा विकून वर्गणी भरली होती. सिस्टर शेवटी आल्या आणि दाराशी उभ्या राहिल्या.

नाना घड्याळाकडे बघत राहिले.

"गणसंख्या पूर्ण आहे," मी म्हणालो. एवढ्या मोठ्यानं मी त्या ऑफिसात कधी बोललो नव्हतो. नानांनी घंटा वाजवली.

साडेदहाला मिसळीच्या पातेल्यामागोमाग दादाभाऊ आपली माणसं घेऊन वर आले. बघतात तर एकही खुर्ची रिकामी नाही.

"नाना, सभा कधी सुरू करायची?"

नाना चष्मा पुसत बसले. पुढच्या रांगेतल्या ठकूबाईंनी मिसळीची प्लेट मांडीवर घेत उत्तर दिलं, "झाली की, भाऊ."

"आन् माझा जीपचा ठराव?"

"त्यो बी झाला. तुमचं बीपी तपासायचं आसंल तर बुधवारी आमच्या वाडीवर या!"