फटफटीमागच्या म्हशी

ईरप्पा गवळी खोटं बोलत नाहीत. पण खरं सांगताना ते इतकं फुगवतात की ऐकणाऱ्याला आधी त्यातली हवा सोडावी लागते. "अक्का, एक येळ म्हस बुडंल, पर माझ्या दुधात पानी जानार न्हाई," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की आता पातेलं पुढं करतानाच म्हणते, "माहीत आहे. ओता."

त्यांचा गोठा शाहूपुरीत, नाल्याच्या काठाला. आमची इमारत राजारामपुरीत, म्हणजे चढावर. हा चढ पुढं महत्त्वाचा आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवते. ईरप्पांच्या कपाळावर भस्म, पांढऱ्या मिशा, आवाज असा की तळमजल्यावरून दूधवाला आल्याचं चौथ्या मजल्याला कळावं. आणि त्या आवाजाच्याही वर त्यांची फटफटी. वडिलांच्या हयातीत घेतलेली टू-स्ट्रोक. निळा धूर, आणि आवाज म्हणजे मक्याच्या लाह्या फुटाव्यात तसा.

ती फटफटी निघाली की मागून म्हशी निघायच्या. दावं नाही, काठी नाही. आमच्या कोल्हापुरात गवळ्यांच्या म्हशी मालकाच्या गाडीमागं धावतात, दिवाळीच्या पाडव्याला तर शिंगं रंगवून, पायात घुंगरं बांधून मिरवतात. बाहेरचे लोक ऐकून हसतात. हसू देत. पुढं ईरप्पा, मागं काशी नावाची त्यांची थोरली म्हैस, आणि काशीमागं बाकीच्या, हा क्रम बिघडलेला मी कधी पाहिला नव्हता.

त्यांची माझी खरी ओळख झाली ती २०१९च्या पुरात. पंचगंगा शहरात शिरली, नाला उलटा फुगला. महामार्ग पाण्याखाली गेला, त्यामुळे पेट्रोलचे टँकर येईनात. पंप कोरडे पडले, जे काही उरलं होतं ते ॲम्ब्युलन्सला. वीज नाही, नळाला पाणी नाही. सगळीकडे पाणीच पाणी आणि नळाला पाणी नाही! अशा सकाळी मी गॅलरीत उभी असताना खालून लाह्या फुटल्याचा आवाज आला. बघते तर ईरप्पा चढावरून फटफटीवर येतायत आणि मागं त्यांच्या सगळ्या म्हशी, पोटापर्यंत चिखलानं माखलेल्या. शिवगंगाबाई, म्हणजे त्यांची बायको, शेवटी चालत, कडेवर रेडकू.

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी सयाजीराव फाटकात आडवे झाले. "अहो पावणं, ही गाड्या लावायची जागा हाय."

"मग ह्याबी गाड्याच की!" ईरप्पा म्हणाले. "बिनपेट्रोलच्या."

मी खाली जाऊन फाटक उघडलं. पूर ओसरेपर्यंत म्हशी आमच्या पार्किंगमध्ये राहिल्या, आणि पाण्याच्या टँकरच्या रांगेत उभं राहणाऱ्या सगळ्या इमारतीला धारोष्ण दूध मिळालं. सयाजीरावही प्यायले. २०२१ला पुन्हा पाणी आलं, पुन्हा फटफटी वाजली, पुन्हा फाटक उघडलं. तेव्हा सयाजीराव आपली मोटार आधीच बाहेर काढून बसले होते.

म्हणून त्या फटफटीवर ईरप्पांचा जीव. घरात पेट्रोलचा डबा ठेवू नये, हे मी त्यांना कितीदा तरी सांगितलं. उत्तर ठरलेलं: "अक्का, दिल्लीवाले तेलाचा साठा करून ठेवत्यात न्हवं का, अडीनडीला? मग मीबी माझ्या गोठ्याचा दिल्लीवाला."

आता त्यांची नात. शांभवी इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करून जयसिंगपुरात सोलर पॅनेल बसवणाऱ्या एका कंपनीत लागली. आजोबांचा आवाज तिच्याकडं उतरलाय, फुगवणं उतरलेलं नाही. तिनं आधी गोठ्याच्या छपरावर पॅनेल बसवली आणि मग दसऱ्याला पांढरी इलेक्ट्रिक स्कूटर आणून दारात उभी केली. निमित्तही होतं. फटफटी आचके द्यायला लागली होती. मिस्त्रीचं म्हणणं, हल्ली पेट्रोलात इथेनॉल असतं, ते जुन्या रबराला सोसत नाही. इथेनॉल बनतं उसापासून. ईरप्पा मिस्त्रीवरच भडकले, "म्हंजे आमच्याच जिल्ह्याच्या उसानं माझी गाडी खाल्ली म्हण की!"

"अज्जा, त्यानं परदेशातलं तेल कमी लागतंय," शांभवी म्हणाली.

"लागू दे की कमी. माझ्याच गाडीपासनं सुरुवात कशाला?"

मी त्या वेळी गोठ्याच्या पायरीवर बसले होते. आजोबा-नातीचं जे जुंपलं ते मी मिटिंगा-परिषदांमध्येही ऐकलेलं नाही, आणि मिटिंगा मी भरपूर ऐकल्यात.

"धूर बघ तुझा," शांभवी म्हणाली. "असल्या धुरानंच हवा बिघडलीया. पाऊस पडतोय तर चार म्हैन्यांचा चार दिसांत. पानी गोठ्यात येतंय ते कशानं?"

"येतंय न्हवं? मग आल्यावर काय करायचं? तवा म्हशी ह्या आवाजामागंच भाईर येत्यात. तुझी स्कूटर गप. म्हशीला काय चिठ्ठी लिहून सांगू, चला म्हणून?"

"शिकतील."

"आनि पुरात लाईट जातीया. तवा ही चार्ज कशावर करनार?"

"पुरात पेट्रोल तरी कुठं मिळत हुतं? पंपावर किती तास उभा होतास, इसरलास?"

"डबा हुता माझा!"

"डबा एक, गाव केवढं!"

दोघंही बरोबर होती, ही खरी अडचण. एक जण चुकत असता तर मीच त्याला गप्प केलं असतं. धूर थांबायला हवा हे ईरप्पांना कळत नव्हतं असं नाही. पंचगंगेचं पाणी कुठवर आलं होतं त्याची खूण त्यांच्याच भिंतीवर आहे. पण पुढचा पूर धूर थांबायची वाट बघत बसणार नव्हता, आणि त्या दिवशी काशी दावणीवरून हललीच नाही तर मागच्या सगळ्या बुडणार. एवढ्यावर सगळं अडलं होतं.

शेवटी नातीची पहिली कमाई, नातीची हौस. ईरप्पा विरघळले. आणि एकदा विरघळले की ते दुसऱ्या टोकाला जातात. पाडव्याला त्यांनी फटफटी गोठ्यात ठेवली आणि स्कूटरला झेंडूच्या माळा घालून थेट मिरवायला निघाले. रंगीत तालीम नाही, काही नाही! "म्हस मला वळखती, गाडीला न्हाई," हे आदल्या दिवशी छाती फुगवून सांगितलेलं.

मी बघायला गेले होते. काशीची शिंगं गुलाबी, कपाळावर मोरपीस, पायात घुंगरं. आजूबाजूला पोरांनी सायलेन्सर काढलेल्या गाड्या, कानठळ्या. ईरप्पांनी स्कूटरचा कान पिळला आणि हाक दिली, "चल काशे!" स्कूटर निघाली. माशी उडाल्याएवढाही आवाज नाही. काशीनं डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं, आणि शेजारच्या गल्लीतल्या एका पोराच्या फटफटीमागं डौलात निघून गेली. मागं ईरप्पांच्या बाकीच्या म्हशी, ओळीनं.

ईरप्पा स्कूटरवर एकटेच पुढं चाललेले. त्यांना पत्ताच नाही. ते दोन्ही बाजूंना हात करतायत.

"अज्जा, लाईटवरची गाडी लई भारी हाय, पर म्हशी कुटं हायत्या?" कुणीतरी ओरडलं.

"काशीनं सोडचिट्टी दिली वो!"

ईरप्पांनी मागं वळून बघितलं. हे मी लिहायला नको होतं खरं, पण त्यांचं तोंड मला आजही दिसतं. म्हशी परत आणायला शेवटी गोठ्यातनं फटफटी काढावी लागली.

नंतर आठवडाभर दूध घेऊन शिवगंगाबाईच आल्या. "कुठाय तुमचा मिशीवाला?" मी विचारलं.

"बसलाय गोठ्यात. स्कूटरवर पोतं टाकलंय. पोरीशी कालपतोर बोलत न्हवता. म्हशीशी बोलतोय, पर शिव्याच." त्या पातेल्यात दूध ओतत म्हणाल्या, "अक्का, पुरुषांची जात खुळी. रेडकाचं दूध एका दिसात तोडलं तर म्हस पान्हा चोरती, हे ह्यांस्नी कोन सांगायचं? ल्हानपनापास्नं गवळी. आचळाचा एक सड कमी करायचा, मग एक येळ कमी करायची, मग पेंड वाढवायची. आनि फटफटी तोडायला निघाले एका पाडव्यात!"

"हे त्यांना सांगितलंत का?"

"सांगिटलं की. म्हनले, तू गप. आनि आज सकाळी पोरीला म्हनत हुते, माझ्या एक डोक्यात आलंय."

तेव्हापासून ती थंडीतली शिकवणी सुरू झाली. रोज सकाळी कट्ट्यावर दूध विकून झालं की म्हशी चढावर घेऊन यायचं. पुढं फटफटी आणि तिच्याशेजारी स्कूटर. स्कूटरच्या हँडलला काशीच्या पाडव्याच्या घुंगरांची माळ बांधलेली. गंमत अशी की फटफटी शांभवी चालवायची, कारण घुंगरामागं मालक दिसायला हवा. धूर थांबवा म्हणणारी पोरगी धूर काढत पुढं, आणि धुरासाठी भांडणारा म्हातारा शेजारून छुमछुम करत! राजारामपुरीतले क्लासला जाणारे विद्यार्थी थांबून मोबाइलवर चित्रण करायचे. ईरप्पा त्यांच्याकडं मिशी वळवून बघायचे. लाज विसरायला त्यांना फार दिवस लागत नाहीत.

मग फटफटी थोडी मागं. मग म्हशींच्या मध्ये. मग कळपाच्या शेवटी. मग पुढच्या गल्लीत, फक्त ऐकू येईल एवढी. संक्रांत झाली, शिवरात्र झाली. पेट्रोलचा डबा तोच, पण आता लवकर संपेना. मला वाटलं, जमलं. तर चैत्रात काशी ऐन जनता बाजाराच्या चौकात बसली. उभी राहिली नाही, बसली! बस अडकली, रिक्षा अडकल्या, ईरप्पा घुंगरं हलवून दमले. शेवटी शांभवी लांबून फटफटी घेऊन आली तेव्हा बाईसाहेब उठल्या.

"झालं!" शांभवी रडकुंडीला आली. "पुन्यांदा पैल्यापास्नं."

"पैल्यापास्नं कशाला?" ईरप्पा आता तिला धीर देत होते. "ऊन लागलंय तिला. तुझा अज्जाबी बसला असता." आणि दुसऱ्या दिवसापासून फटफटी पुन्हा कळपाच्या शेवटी आणली. फक्त शेवटी. पुढं नाही.

पावसाळा आला. श्रावणात धरणांचे दरवाजे उघडले आणि नदी धोक्याच्या पातळीकडं चढायला लागली. त्या संध्याकाळी मी फोन केला. "ईरप्पा, वाट बघू नका. निघा."

"उद्या सकाळी अक्का. आज लाईट गेलीया, अंधारात म्हशी बुजत्यात."

"मग स्कूटर?"

"पोरीनं काल भरून ठेवलीया. आभाळ हाय म्हनून तिचं पॅनेल झोपलंय, पर बॅटरी भरल्याली हाय. आनि डबाबी हाय." मग त्यांनी आवाज खाली आणला. एवढ्या हळू बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकत होते. "अक्का, न्हाई आली काशी तर?"

मला खोटा धीर देता येत नाही. म्हटलं, "तर फटफटी आहे."

"ती सकाळधरनं चालूच व्हईना."

सकाळी मी छत्री घेऊन फाटकाशी उभी राहिले. फाटक उघडंच होतं. सयाजीराव आपण होऊन बाहेर मोटार लावत होते. पाऊस असा की समोरची इमारत दिसेना. मी कान देऊन होते, आणि मला कळेना, कशासाठी कान द्यायचा. इतकी वर्षं लाह्या ऐकल्या की जीव भांड्यात पडायचा. आता काय ऐकायचं? पत्र्यावरचा पाऊस, एक बस, पुन्हा पाऊस.

आणि मग छुम्. पावसात बुडालेलं, पण छुम्.

चढावरून ईरप्पा येत होते. स्कूटरवर बसलेले नव्हते. गुडघाभर पाण्यातनं तिला हातानं ढकलत आणलेली, आणि दर पावलाला हँडल मुद्दाम हलवत होते. मागं काशी. मान खाली, शिंगांवरून पाणी गळतंय, पण सरळ त्या घुंगरामागं. तिच्यामागं एकेक करत बाकीच्या. शिवगंगाबाई मध्ये, डोक्यावर पोतं.

"अक्का, बगा!" ईरप्पा लांबूनच ओरडले. मिशा ओल्या, डोळेही. पावसात फरक कळत नव्हता. "एक शबुद बोललो न्हाई तिला! नुस्तं छुम!"

"आधी आत या. मग फुगा."

पार्किंगमध्ये शिवगंगाबाईंनी म्हशी मोजल्या आणि कमरेवर हात ठेवला. "उन्हाळ्यात घेतल्याली तांबडी कुटं हाय?"

ईरप्पांचं तोंड उतरलं. तांबडीला ही शिकवणी निम्मीच मिळाली होती. पाण्याच्या तोंडाशी ती अडून राहिली होती, आणि शांभवी बंद फटफटी घेऊन तिच्यापाशी थांबली होती. ईरप्पा परत जायला वळले, आणि तेवढ्यात खालून आवाज आला. आधी खोकल्यासारखा, मग एकदोन फुटक्या लाह्या, मग सगळी कढई. जी चालूच होत नव्हती ती फटफटी, निळा धूर सोडत, चढावर आली. वर शांभवी चिंब भिजलेली, आणि मागं तांबडी, कान टवकारून, पाहुण्यांच्या घरी आल्यासारखी.

"लाथ मारली तवा सुरू झाली," शांभवी उतरत म्हणाली.

सयाजीरावांनी नाकाला रुमाल लावला. "अहो, बंद करा आधी ती! किती धूर!"

"करतो की," म्हणत ईरप्पांनी स्वतः हात घालून फटफटी बंद केली. तिच्या टाकीवर तळहात ठेवला, म्हशीच्या पाठीवर ठेवतात तसा. मग घुंगरांची माळ स्कूटरवरून सोडली, झटकली आणि तांबडीच्या नाकासमोर हलवली. तिनं एकदा हुंगली आणि तोंड फिरवलं.

"पेंड आन गं जरा," ते शिवगंगाबाईंना म्हणाले. "हिचं बी तोडायचं हाय."