तिसऱ्या दिवसाचा रंग

रंगताईच्या हातचा रंग बघावा आणि गप्प बसावं. नाटक कंपनीत अकरा वर्षं ती लोकांची तोंडं रंगवत होती. विशीतल्या पोरीला अर्ध्या तासात म्हातारी करायची आणि साठीच्या नायकाला तरणाबांड. नायकाचं काम जास्त कठीण, असं हसत म्हणायची. पण तिचं सगळ्यांत सफाईदार काम कुणी पाहिलंच नव्हतं. ते ती सकाळी घरी, दार लावून, स्वतःच्या तोंडावर करायची.

नवरा मारायचा. आडपडदा कशाला ठेवायचा? औषधांच्या दुकानात कामाला होता. मारलं की तिथूनच मलम आणून स्वतः लावायचा. बाहेर मात्र जिभेवर साखर. कंपनीत कुणाला ताप आला की गोळ्या घेऊन हजर. "देवमाणूस आहे गं तुझा नवरा!" बायका म्हणायच्या. देवमाणूस म्हणे! तिनं एकदा थोरल्या बहिणीला सांगून पाहिलं. बहीण तिच्या नितळ गालाकडे बघून म्हणाली, "काहीतरीच तुझं. दिसत तर काही नाही." आपणच आपला पुरावा झाकून बसलो, हे तिला तेव्हा उमगलं. त्यानंतर ती कुणापाशी बोलली नाही.

मग कंपनीनं राणीचं नाटक घेतलं. गोष्ट पुराणातली. राजा राणीला मारतो, आधी वळ उठतो आणि मग तिथलं अंग दगड होतं. राणी दागिने चढवून दगड झाकते, आणि प्रजा म्हणते, काय नशीबवान बाई! शेवटी भर दरबारात ती एकेक दागिना उतरवते.

तालमी चालू असताना रंगताई कोपऱ्यात डबे मांडून ऐकायची. सुरुवातीला तिला राणीचा संतापच आला. झाकते कशाला ही बया? तोंड शिवलंय का हिचं? बसमधून घरी जाताना आपण हे कुणाला म्हणतोय ते तिच्या लक्षात आलं, आणि त्या नादात ती दोन थांबे पुढे गेली.

रंगीत तालमीला तिनं राणीच्या डाव्या गालावर वळ रंगवला. मधे जांभळा, कडेला हिरवट. मास्तर, म्हणजे नाटकाचे दिग्दर्शक, वाकून बघत राहिले.

"झकास. पण गाल चुकला. आपला राजा डावखुरा, फटका उजव्या गालावर बसेल."

"नाही मास्तर, डाव्यावरच बसतो," ती बोलून गेली, आणि तिची पाचावर धारण बसली.

मास्तर तिच्या गालाकडे बघत होते. मग वळून राजाला म्हणाले, "आजपासून उजव्या हातानं मारायचं."

"अहो मास्तर, मी डावखुरा!"

"शिका. ती सांगते तेच बरोबर आहे."

रंगताई डबे आवरायच्या निमित्तानं खाली वाकली आणि तशीच रडली. कुणीतरी तिचं खरं मानलं होतं. त्याच संध्याकाळी, यायला उशीर का झाला म्हणून, नवऱ्याचा हात पुन्हा उठला.

तीन दिवसांनी दुपारचा पहिला प्रयोग झाला. पडदा पडल्यावर रंगपटात ही गर्दी. नवरा फुलं घेऊन आलेला. "चल, घरी जाऊ," अगदी लाडानं म्हणाला.

रंगताई राणीशेजारच्या खुर्चीत बसली. कापसाचा बोळा तेलात बुडवून स्वतःचा गाल पुसू लागली. थर निघाला आणि आरशात दोन गाल शेजारी शेजारी दिसले, वळ तोच, रंगही तोच.

"अगं बाई!" राणी ओरडली.

नवरा हसला. "रंगवलाय हो तो! नाटकवाली बायको माझी." दोघीतिघी हसल्यासुद्धा. देवमाणसावर कोण संशय घेणार!

रंगताई उठली. बोळा पुन्हा तेलात बुडवून तिनं त्याच्या हातात दिला.

"रंग असेल तर निघेल. पुसून दाखवा."

"घरी चल," तो दात आवळून म्हणाला.

"इथंच. सगळ्यांसमोर."

आता कुणी हसत नव्हतं. मास्तर दारात येऊन उभे होते. तेल त्याच्या बोटांवरून खाली ठिबकत होतं, पण तो उजवा हात काही वर आला नाही.

रंगताई पिशवी उचलून तशीच, उघड्या चेहऱ्यानं, भर उन्हात बहिणीच्या घरी गेली. बहिणीनं दार उघडलं.

"आता दिसतंय का गं?" रंगताईनं विचारलं.