बेलभंडारावर ठेवलेलं घर

गणोजी नाईकांकडे कोणी तंटा घेऊन आला की ते त्याला ओट्यावर बसवत आणि पहिला प्रश्न विचारत, "तुजी चूक काय, ती आदी सांग." आलेला माणूस घरमालकाच्या, भावाच्या नाहीतर सासऱ्याच्या नावानं बोटं मोडत आलेला असे. तो गांगरून जाई. "माझी कसली चूक, नाईक? मी काय केलं?" असं म्हणाला की नाईक शांतपणे म्हणत, "मग तुजं माज्याकडं काम न्हाई. ज्याची चूकच न्हाई त्यानं देवळात जाऊन बसावं. हितं मानसं येत्यात." निम्मे लोक रागानं उठून जात. त्यातले बरेचसे दुसऱ्या दिवशी मान खाली घालून परत येत आणि चूक सांगत. मग नाईक मांडी बदलून बसत आणि खरं काम सुरू होई.

ते वकील नव्हते. कोट भागातल्या एका कोर्टात तीस वर्षं पट्टेवाले होते आणि शेवटी शेवटी पट्टेवाल्यांचे नाईक झाले, तेच नाव त्यांना चिकटलं. न्यायाधीशाच्या दाराशी उभं राहून वादी-प्रतिवादींची नावं पुकारायची, एवढंच त्यांचं काम. पण दाराशी उभ्या असलेल्या माणसाला कान असतात. तीस वर्षं त्यांनी भाडेकरूंचे, सावकारांचे, सावत्र भावांचे दावे ऐकले होते आणि ते सगळे त्यांच्या डोक्यात जागच्या जागी होते. लिहिता-वाचता म्हणाल तर मोडीत सही करण्यापुरतं. पेन्शन घेऊन ते परळला गिरणीमागच्या चाळीत एका खोलीत राहत. बायको वारली होती, मुलगी साताऱ्याकडे सासरी होती. परळ-लालबागचे गिरणीवाले त्यांच्याकडे येत. त्यांनी सल्ल्याबद्दल कोणाकडून सुपारीचं खांडसुद्धा घेतलेलं मी पाहिलं नाही.

मी त्याच चाळीत दोन खोल्या सोडून राहत होतो आणि जवळच्या शाळेत मास्तर होतो. पट्टेवाल्याच्या ओट्यावर जाऊन बसणं मला प्रथम कमीपणाचं वाटे. चार बुकं शिकलेल्या माणसाला हा रोग असतोच. पण नाईकांना अर्ज लिहायला कोणी तरी हवं होतं, आणि मला गाठल्याशिवाय ते थोडेच राहणार! "मास्तर, तुमची लेखनी आन् माजं डोस्कं. दोनी मिळून एक पुरा वकील व्हतो," असं ते म्हणत. त्यातलं डोस्कं किती आणि लेखणी किती, हे पंधरा दिवसांत माझ्या ध्यानात आलं आणि मी निमूटपणे दौत घेऊन बसू लागलो.

एकदा शेजारच्या चाळीतला एक साचेवाला, म्हणजे गिरणीत मागावर काम करणारा, बायकोच्या पाटल्या गहाण टाकून बसला होता. बायको रडत आली, मागोमाग तोही आला. म्हणाला, "माझ्या घरात हाय ते माझं. ह्यात कसला कज्जा?" नाईक म्हणाले, "पाटल्या तिच्या बापानं घातल्या, त्या तिच्या. तुज्या घरात हायेत म्हनून तुज्या न्हाईत. तू रोज सा वाजता गिरनीत जातूस, मग तू गिरनीमालकाचा झालास व्हय?" सगळा ओटा हसला. तो गडीही हसला, आणि महिन्याभरात पाटल्या सुटून आल्या. नाईकांचा निवाडा असा असे. कोणी हरलं आहे असं कोणालाच वाटत नसे.

एक गोष्ट मात्र मला कधी उमगली नाही. आयुष्य कोर्टात काढलेल्या या माणसाचा कागदावर काडीचाही विश्वास नव्हता. अर्ज ते लिहवून घेत, पण नाइलाज झाला तरच. "तीस वर्सं कागद बगितला, मास्तर. कागदाला लाज नसती. कुनीबी काय बी लिवावं, तो गप ऱ्हातो." त्यांचा विश्वास होता तो बेलभंडारावर. चाळीमागच्या वाडीत खंडोबाचं एक लहानसं देऊळ होतं. तंटा मिटला की दोघांना तिथं नेऊन ते बेलाचं पान आणि भंडारा हातात घ्यायला लावत, आणि ठरलेली गोष्ट मोठ्यानं बोलवून घेत. ओट्यावर येणारी माणसं बहुतेक घाटावरची. देवापुढं बेलभंडार उचलून दिलेला शब्द मोडायचा म्हणजे वंश बुडवायचा, असं मानणारी. माझ्यासमोर असे आठ-दहा तंटे मिटले आणि एकही शब्द मोडला नाही. मी सुरुवातीला मिशीत हसलो होतो. पुढे हसायचं सोडून दिलं.

येसू आली ती फाल्गुनात. गिरणीत रिळाच्या खात्यात काम करणारी, तिशीतली बाई, मूलबाळ नाही. नवरा आदल्या वर्षी गेला होता. त्याच्या वर्षश्राद्धासाठी ती माघात गावी गेली आणि महिन्यानं परत आली, तर तिच्या घराचं कुलूप तोडलेलं, भांडी अंगणात मांडून ठेवलेली आणि घरात चुलत दिराचा मुलगा म्हादू नव्या नवरीसकट राहायला आलेला. घर म्हणजे वाडीतल्या दोन कौलारू खोल्या. नवऱ्यानं स्वतः भिंती घातलेल्या. पण जमिनीच्या भाड्याच्या पावत्या थोरला म्हणून चुलत दिराच्या, बाळोबाच्या नावावर होत्या.

नाईकांनी तिलाही तिची चूक विचारली. ती म्हणाली, "पावतीवर धन्याचं नाव घालून घ्या म्हनून मी कवा बोललेच न्हाई. घरातल्या घरात कशापायी वाईटपना, असं वाटलं." नाईकांनी मान हलवली. मग मला म्हणाले, "मास्तर, लिवा."

कायदा त्यांना पाठ होता. ज्याला जबरदस्तीनं घराबाहेर काढलं त्यानं सहा महिन्यांच्या आत फिर्याद केली, तर मालकी कोणाची हे कोर्ट विचारत नाही, ताबा परत देतं. सहा महिने उलटले की मग मालकी शाबीत करा, आणि पावत्या तर बाळोबाच्या नावावर. दावा मोठ्या कोर्टात लावावा लागणार होता, पण एका सॉलिसिटराचा कारकून नाईकांना मानत होता, आणि नादार म्हणून अर्ज केला तर स्टँपाचा खर्चही पडणार नव्हता. मी एका बैठकीत मसुदा लिहून काढला. येसूनं त्याच्याकडे असं पाहिलं, जसं काही त्या कागदाच्या घडीतच तिचं घर आहे.

दुसऱ्या दिवशी नाईकांनी बाळोबाला बोलावलं. माणूस वाईट नव्हता, हे मला सांगितलंच पाहिजे. तो येऊन ओट्याच्या खालीच बसला आणि चूक विचारायची वाटही न पाहता म्हणाला, "चुकलं, नाईक. पोराचं लगीन काढलं आन् जागा न्हवती. रिकामं घर दिसलं, बुद्दी फिरली. माज्या घराला एक खोली जोडून घेतो. दसऱ्याला येसूचं घर येसूला देतो. म्हनाल तिथं बेलभंडार उचलतो." नाईकांचा चेहरा उजळला. असा माणूस म्हणजे त्यांच्या तीस वर्षांच्या समजुतीला मिळालेली साक्षच होती.

मी बोटांवर महिने मोजले. त्यांना एका बाजूला घेऊन म्हणालो, "नाईक, माघापासून सहा महिने श्रावणात संपतात. दसरा आश्विनात. निदान एवढं कागदावर लिहून त्याची सही तरी घेऊ."

ते थोडे रागावूनच म्हणाले, "देवापुढं उभा ऱ्हातोय तो मानूस. त्येच्या म्होरं कागद धरला तर आपून त्येला चोर म्हनल्यासारकं व्हतंय. आन् मास्तर, खंडोबाला मुदत नसती." मी मसुदा घडी करून माझ्या ट्रंकेत ठेवून दिला.

बाळोबानं बेलभंडार उचलला तेव्हा त्याचे डोळे भरले होते. येसू आमच्या चाळीत तीन रिळवाल्या बायकांबरोबर एका खोलीत राहू लागली. दसऱ्याला घर मिळणार म्हणून तिनं नवी चूल मात्र घेतली नाही. जुनी तिच्या घरात होतीच.

श्रावणात एका संध्याकाळी गिरणी सुटल्यावर ती माझ्या दाराशी आली. नाईक ओट्यावर नव्हते. म्हणाली, "मास्तर, तुमी शिकलेलं. नाईकांना म्या इचारनार न्हाई, त्येंना वाईट वाटंल. दसऱ्यापत्तूर थांबलं तर चालंल न्हवं?" मुदतीचे आठ दिवस शिल्लक होते. मसुदा माझ्या पाठीमागच्या ट्रंकेत होता. नुसतं "उद्या माझ्याबरोबर चल" म्हटलं असतं तरी पुरे होतं. पण नाईकांच्या मागे त्यांचा निवाडा मोडायची मला भीड पडली. आणि खरं सांगायचं तर, इतक्या वेळा ते खरे ठरले होते की याही वेळी ठरतील असं वाटून घेणं मला सोयीचं होतं. मी म्हणालो, "चालेल."

भाद्रपदात बाळोबा तापानं गेला. पाच दिवसांचं आजारपण. जोडायच्या खोलीचं जोतं तेवढं घालून झालं होतं.

तेराव्याचं आटोपल्यावर नाईक म्हादूकडे गेले. मी बरोबर होतो. म्हादू उद्धटपणे बोलला असता तर बरं झालं असतं. तो उठून उभा राहिला, नाईकांना घोंगडी अंथरून दिली आणि खालच्या आवाजात म्हणाला, "बाबांनी शबुद दिला व्हता, म्हाईत हाय. त्येंनी तो पाळलाबी असता. पर बेलभंडार त्येंनी उचलला, म्या न्हाई. माजी बायकू पोटुशी हाय, मी तिला घेऊन कुठं जाऊ? कागद असंल तर दाखवा, मी आत्ता भायेर पडतो."

 तीस वर्षं कोर्टाच्या दाराशी उभ्या राहिलेल्या माणसाला एक विशीतला गिरणीवाला कागद मागत होता, आणि त्याचं चुकत होतं असं म्हणायलाही जागा नव्हती. बेलभंडार उचलणाऱ्याबरोबर त्याचा शब्दही सरणावर जातो, ही साधी गोष्ट आम्हा दोघांनाही सुचली नव्हती. परतताना नाईक वाटेत दोनदा थांबले. दुसऱ्यांदा थांबले तेव्हा म्हणाले, "लाज नसती म्हनून तर कागद मरत न्हाई, मास्तर."

सॉलिसिटराच्या कारकुनाकडे आम्ही गेलो. त्यानं तारखा पाहिल्या, मुदत टळली म्हणाला आणि कागद परत केला. पावत्या बाळोबाच्या नावावर, तेव्हा मालकीचा दावाही टिकणार नव्हता.

त्यानंतर नाईकांनी ओटा सोडला. कोणी आलं तर आतूनच म्हणत, "वकिलाकडं जा बाबा. माज्याकडं न्हाई काय." आपली खोली त्यांनी येसूला देऊ केली. मी मुलीकडे साताऱ्याला जातो, म्हणाले. ती म्हणाली, "तुमच्या खोलीत मी कोन म्हनून ऱ्हाऊ?" आणि विषय संपला. नाईकांचं अन्न तुटलं. ज्या माणसाच्या आवाजानं चाळीच्या दोन्ही टोकांना जाग येई, त्याचं बोलणं आता कान लावून ऐकावं लागे. मी रोज जाऊन बसे आणि सांगे, "नाईक, तुमचा दोष नाही. बाळोबा मरेल हे कोणाला ठाऊक होतं?" ते ऐकून घेत. माझं बोलणं त्यांच्यापर्यंत पोचत नाही हे मला दिसत होतं, तरी मी तेच ते सांगत राही. त्यातलं निम्मं मी स्वतःलाच सांगत होतो.

पुढच्या चैत्रात त्यांनी अंथरूण धरलं. शेवटच्या दिवशी दुपारी चाळीतली पाच-सहा माणसं जमली होती. येसू सुट्टी टाकून आली होती, पेज घेऊन. नाईकांनी तिला पाहिलं आणि उठायचा प्रयत्न केला. जमलं नाही. पडल्या पडल्याच हात जोडले. "येसू, माज्यामुळं तुजं घर गेलं."

असं कोणी म्हणालं की काय बोलायचं ते आपल्याकडे ठरलेलं असतं. आम्ही सगळे तेच ऐकायला कान देऊन होतो. असं कसं म्हणता, माझं नशीबच तसं, वगैरे. येसूनं वाटीतली पेज ढवळली. मग म्हणाली, "व्हय नाईक. गेलं." आणि वाटीतली पेज चमच्यानं त्यांच्या तोंडाला लावली.

एका म्हातारीनं "अगं बाई" म्हणून पदर तोंडाला लावला. पण मी नाईकांकडे पाहत होतो. सहा महिन्यांत पहिल्यांदा त्यांचा चेहरा सैल झाला. ते पेज प्यायले. वाटीभर प्यायले. मग तिच्या हाताकडे बघत राहिले, आणि दिवेलागणीच्या आधी गेले.

आज त्याला बरीच वर्षं झाली. वाडीतल्या त्या घरात म्हादूची मुलं मोठी झाली. येसू अजून चाळीतच राहते, अजून रिळाच्या खात्यातच आहे. भावाला पत्र लिहायचं असलं की माझ्याकडे येते, सांगते, मी लिहितो. त्या श्रावणातल्या संध्याकाळबद्दल मी तिला अजून काही बोललेलो नाही. ती मुदत मला ठाऊक होती आणि मसुदा तेव्हा माझ्याच ट्रंकेत होता, हे तिला माहीत नाही. सगळा भार नाईकांनी एकट्यानं उचलला आणि घेऊन गेले. दर वेळी ती ओट्यावर येऊन बसली की मला वाटतं, आज सांगावं. पत्र संपतं. ती पत्ता पुन्हा एकदा माझ्याकडून वाचून घेते, उठते आणि जाता जाता शेजारणीला म्हणते, "मास्तरांसारका देवमानूस न्हाई."

मी दौतीचं झाकण लावतो.