मालकीण म्हणायचं नाही

सगळ्यात आधी आली ती औशाची रुक्मिणी. तिच्या मागून लातूरची पांढरी गाडी, तीत दोन साहेब आणि आमच्या सुमनबाईंचे चिरंजीव प्रकाशराव. मी रुक्मिणीला म्हणलं, "आज काही तरी शिजून राहिलंय."

ती म्हणाली, "मावशी, तुमच्या नाकाला वरणाशिवाय काही कळतं का?"

पण आधी ओळख सांगते. किनवटच्या रानातल्या गावच्या पोरींसाठी सुमनबाईंच्या संस्थेचं वसतिगृह आहे. तिथं मी स्वयंपाक करते. बाईंना पंचाहत्तर झाली, म्हणून गौरवअंकात मलाही लिहायला सांगितलंय. माझी शाळा दुसरीपर्यंत. पुढची अक्षरं बाईंनीच शिकवली, परातीतल्या पिठात बोट धरून.

पहिल्यांदा आले तेव्हा माझ्या कडेवर लेक होती. म्हणलं, "मालकीणबाई, काम मिळंल का?"

बाई म्हणाल्या, "काम मिळेल. मालकीण म्हणायचं नाही."

मग म्हणायचं काय, हे विचारायचा धीर झाला न्हाई. वर्षभर मी त्यांना "अहो" म्हणून हाक मारली. पोरी पदराआड हसायच्या, मावशी नवऱ्यालाच बोलावून राहिल्यात म्हणून.

एकदा पेंटरनं फाटकावर आपल्याच मनानं लिहिलं, 'खाजगी जागा, आत येऊ नये'. दुसऱ्या दिवसापासून वस्तीतल्या बाया आमच्या बोअरच्या पाण्याला येईनात. बाईंनी वाटेत एकीला विचारलं, तर ती म्हणाली, "पाटी लागली ना आता." बाईंनी तिथल्या तिथं स्टूल मागवलं आणि स्वतः चढून पाटी खरडली. पेंटरला म्हणाल्या, "संस्था खाजगी आहे ती कारभारापुरती. पाण्यापुरती नाही."

मला टायफाईड झाला तेव्हा आठ दिवस बाईंनी भाकरी थापल्या. माझ्या उशाशी औषध ठेवून चुलीपाशी जायच्या. भाकरी लई जाड. एक पोर येऊन कानात सांगून गेली, "मावशी, लवकर बऱ्या व्हा, दात हलून राहिलेत." पण ताटात कुणी तुकडा टाकला न्हाई.

तर ती गाडी आली त्या दिवशीचं. लातूरच्या साहेबांना वसतिगृह पाहिजे होतं, त्यांच्या शिकवणीवर्गाची पोरं फी घेऊन ठेवायला. आमच्या पोरी कुठं जातील, असं बाईंनी विचारलं. "बघू काही तरी सोय," असं एक साहेब मोबाईलकडं बघत म्हणाले.

प्रकाशराव म्हणाले, "आई, तू थकलीस. संस्था आपलीच आहे, एक सही कर."

बाई म्हणाल्या, "थकले तर मी थकले. पोरींनी का घर सोडायचं?"

मग त्या रुक्मिणीकडं वळल्या. ही इथंच पाचवीपासून बारावीपर्यंत राहिलेली, आता औशाच्या शाळेत शिकवते. "विश्वस्त होशील? पुढं माझी जागा तुला सांभाळायची आहे."

रुक्मिणीनं हातातला कप खाली ठेवला. "बाई, मी साधी मास्तरीण. मोठ्या माणसांपुढं बोलता येत न्हाई मला."

"इथं राहून गेलीस, तेवढं सांगता येतं ना?"

मग ती म्हणाली, "हाव, बाई. होते." माझे डोळे भरले, पण मी कांद्याची पाटी पुढं ओढली.

साहेब उठले. "गुरुवारी परत येतो. तोवर विचार करा."

"विचार झालाय," बाई म्हणाल्या. "तरी या, जेवायलाच या. इथं ताट ज्याचं त्यानं धुवावं लागतं."

बाईंना देवानं धडधाकट पुष्कळ वर्षं द्यावीत. रुक्मिणीला सगळं शिकवून होईपर्यंतची तर द्यावीतच, आणि त्यापुढं नुसतं उन्हात बसून पोरींवर डाफरायलाही द्यावीत.

बुधवारी विश्वस्तांची बैठक आहे, रुक्मिणीचं नाव लागणार आहे. पाहुणे बेस्तरवारी, म्हणजे त्यांच्या गुरुवारी, येणार आहेत.